बिमिनी मोठी करायची, पण किती आणि कुठे?

ऑक्टोबर हीट सुरू झाली की मुंबईत गेटवेसमोरच्या मुरिंगवर (तळाला पक्क्या बांधलेल्या बोयावर) शिडाची बोट ठेवणाऱ्यांना एकच गोष्ट सुचते: कॉकपिटवरचं, म्हणजे मागच्या खोलगट बसायच्या जागेवरचं, छत मोठं करू. पावसाळ्यात किनाऱ्यावर चढवलेली बोट नुकतीच पाण्यात उतरलेली असते, मेअखेरपर्यंतचा हंगाम समोर असतो आणि जुनी बिमिनी (पाइपच्या कमानींवर ताणलेलं हे कापडी छत) टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरणाऱ्याच्या डोक्यापुरतीच सावली देते. मग शिवणाऱ्याला "दोन फूट वाढव" असं सांगून टाकलं जातं. दोन फूट वाढतातही. मात्र बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) कापडाला घासायला लागतो, विंचचं (दोर ओढायच्या चक्राचं) हँडल पूर्ण फिरत नाही, आणि चार वाजता ऊन होतं तिथेच, मांडीवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अख्खं छत एका तुकड्यात मोठं करू नये. शीड चढवलेलं असतानाही राहील असं एक बेताचं मुख्य छत, मुरिंगवर असताना चेनने (झिपने) जोडायचा मागचा तुकडा, आणि दोन्ही बाजूंना लावता येतील असे जाळीचे पडदे, असे तीन भाग करावेत. खर्च थोडा वाढतो, सावली दुपटीने वाढते.

मापं सांगायला एक बोट डोळ्यांसमोर ठेवू: लांबी ९ मीटर, टिलर, कॉकपिट २.१ मीटर लांब, मेनशीटचा (बूम ओढून धरणाऱ्या दोराचा) ट्रॅव्हलर, म्हणजे खालची सरकती पट्टी, कॉकपिटच्या पुढच्या टोकाला. जुनी बिमिनी १.४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद. नवीन मुख्य छत १.८ बाय २.१ मीटर, मागचा तुकडा ०.८ बाय १.९ मीटर.

आधी सूर्याचा हिशेब

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खाली आहे. १५ मेच्या आसपास शून्य सावली दिवस येतो, त्या दिवशी साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी सूर्य बरोबर माथ्यावर असतो. अशा वेळी छत जेवढं, सावली तेवढी. वाढवलेला प्रत्येक सेंटिमीटर कामाला येतो. पण तो तास-दोन तासांचा प्रश्न असतो. मेच्या मध्यात दुपारी चारला सूर्य साधारण ४२ अंशांवर उतरतो, पाचला २८ अंशांवर. छताची खालची बाजू बसलेल्या माणसाच्या मांडीपासून १.३ मीटर वर असेल, तर चारला सावली पूर्वेकडे सुमारे १.४५ मीटर सरकते आणि पाचला जवळजवळ अडीच मीटर. म्हणजे पाच वाजता तुमच्या छताची सावली बोटीच्या बाहेर, पाण्यावर पडलेली असते. छत २० सेंटिमीटर रुंद करून यात काहीच फरक पडत नाही. डिसेंबरात तर चार वाजताच सूर्य २५ अंशांवर असतो.

म्हणून पडदा. छताच्या कडेपासून ९० सेंटिमीटर खाली आलेला पडदा पाचच्या उन्हातही मांडीच्या पातळीवर ऊन कडेपासून पाऊण मीटरच आत येऊ देतो; तोंडावर आणि छातीवर तर येतच नाही. पश्चिमेच्या बाकावर बसणाऱ्याला फक्त पायावर ऊन.

पडदा कोणत्या बाजूला, हे भरती-ओहोटी ठरवते. गेटवेसमोरच्या पट्ट्यात पाण्याची ओढ ढोबळमानाने दक्षिणोत्तर असते. वारा मंद असेल तर भरतीला बोटीचं तोंड दक्षिणेकडे होतं, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. ओहोटी लागली की बोट फिरते आणि तेच ऊन डावीकडून येतं. एकाच दुपारी दोन्ही बाजू लागू शकतात. त्यामुळे पडदे दोन शिवा, किंवा एकच शिवून दोन्ही कडांना तंतोतंत सारख्या अंतरावर बटणं लावा. दुसरा मार्ग स्वस्त आहे; पण बटणांची अंतरं दोन्हीकडे खरोखर सारखी आली पाहिजेत, नाहीतर पडदा एका बाजूला नीट बसतो आणि दुसरीकडे सुरकुत्या पडतात.

पडद्याला अक्रिलिक कापड वापरू नका. पीव्हीसीचा थर दिलेली पॉलिएस्टर जाळी घ्या: वारा आरपार जातो, बाहेरचं दिसतं, आणि बाजूने येणाऱ्या झोतात पडद्याचं शीड होत नाही. माप पक्कं होण्याआधी नर्सरीत मिळणारी ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट चिमट्यांनी लावून दोन-चार दुपारी बघा. दिसायला भाजीच्या मळ्यासारखं दिसेल, पण पडदा किती खाली हवा ते नेमकं कळतं.

बूम, मेनशीट, बॅकस्टे

छत किती मोठं करता येईल हे शेवटी या तिघांवर ठरतं. (बॅकस्टे म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार.)

बूमच्या टोकाची उंची शीड चढवलेलं आणि मेनशीट घट्ट ओढलेली असताना मोजायची. बूम टॉपिंग लिफ्टवर (त्याचं टोक वरून तोलणाऱ्या दोरावर) टांगलेला असताना मोजलेलं माप फसवं असतं. रीफ घेतल्यावर, म्हणजे शीड लहान केल्यावर, बूमचं टोक कुठे येतं तेही बघा, कारण काही बोटींवर ते खाली येतं. या सगळ्यांतल्या सर्वांत खालच्या जागेपासून १० ते १५ सेंटिमीटर मोकळे सोडा. टोक कॉकपिटच्या तळापासून २.०५ मीटरवर असेल, तर छताचा माथा १.९३ आणि खालची बाजू १.९०. उंच माणसाला जरा मान वाकवावी लागेल, त्याला इलाज नाही. टॉपिंग लिफ्ट मात्र अशी बांधा की शीड उतरवताना बूम छतावर आदळणार नाही. फाटलेल्या बिमिनी पाहिल्या तर वाऱ्याने फाटलेल्यांपेक्षा बूमने फाडलेल्या जास्त निघतील.

मेनशीट बूमच्या मध्यावर असेल तर काम सोपं. बूम बाहेर गेला की शीटचं वरचं टोक पुढे सरकतं, छतापासून लांब जातं. त्यामुळे बूम मधोमध असताना शीट आणि छताची पुढची कड यांत १५ सेंटिमीटर राहिले की पुरे. शीट बूमच्या मागच्या टोकाला आणि ट्रॅव्हलर बोटीच्या पाठीमागे असेल, तर उलटं होतं: बूम बाहेर जाताना शीट पुढे आणि बाजूला सरकते आणि छताच्या मागच्या कोपऱ्यावरून घासत जाते. अशा बोटीवर बूम दोन्ही बाजूंना पूर्ण बाहेर सोडून कोपरे तपासल्याशिवाय पाइप कापू नये. बहुतेक वेळा मागचे कोपरे तिरके कापावे लागतात.

बॅकस्टे एकच आणि मधोमध असेल तर मागच्या तुकड्याला मधून चीर द्यायची, तिच्यावर चेन आणि चेनवर झाकणपट्टी. चिरेच्या टोकाला चामड्याचा किंवा जाड विनाइलचा गोल ठिगळ लावा, नाहीतर तार कापडाला करवतीसारखी खाते. बॅकस्टे खाली दोन फाट्यांत विभागलेला असेल तर मागचा तुकडा त्या फाट्यांमध्ये मावेल एवढाच ठेवा.

विंचचं हँडल बहुधा १० इंचांचं असतं. ते पूर्ण गोल फिरतं का, आणि फिरवणाऱ्याचं कोपर कमानीच्या पायाला लागतं का, ते बघा.

आणि नजर. मुंबई बंदरात नांगरलेली जहाजं, मांडवा आणि घारापुरीच्या लाँची, जाळ्यांचे बोये, हे सगळं छताच्या कडेखालून दिसायला हवं. सुकाणूवर बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे पुढे आणि दोन्ही बाजूंना बघा. उभ्या माणसाचे डोळे छताच्या कडेच्या पातळीवर आले तर ती सर्वांत वाईट जागा: ना वरून दिसत, ना खालून.

हे सगळं कागदावर न करता सांगाड्याची नक्कल करा. वायरिंगचे २५ मिमीचे पीव्हीसी पाइप, एल्बो, सुतळी आणि एक जुनी चादर. नकली सांगाडा बोटीवर बांधून, वारा नसताना मुरिंगवरच शीड चढवा, बूम इकडून तिकडे हलवा, टिलर पूर्ण उचला, इंजिनाच्या लिव्हरपर्यंत हात जातो का बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि यातून जवळजवळ प्रत्येक बोटीवर एक तरी माप बदलतं.

सांगाडा

पाइप स्टेनलेस ३१६, बाहेरचा व्यास २५.४ मिमी, म्हणजे १ इंची, १६ गेज. १८ गेज हलका पडतो. वाकवताना चपटतो आणि मुरिंगवरच्या डुलण्याने बिजागरीजवळ लवकर थकतो. गेटवेसमोर दिवसभर लाँचींच्या लाटा येतात, बोट सतत हेलकावे खाते, आणि १५ किलोचा सांगाडा प्रत्येक हेलकाव्याला आपल्या पायांना झटका देतो. 

पाइप गुलालवाडी-किका स्ट्रीटच्या बाजारात मिळतो, बोल्ट-वॉशर नागदेवी स्ट्रीटला. खरेदी करताना एवढंच सांभाळा की ३१६ म्हणून ३०४, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिन्याच्या रेलिंगला वापरतात तो २०२ गळ्यात पडू नये. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तिन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते धरण्याइतकं नसतं. म्हणून मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून बघा, किंवा टेस्ट सर्टिफिकेट मागा. २०२ चा पाइप खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तपकिरी होतो. दारूखान्यात जहाजांचं सामान ढिगाने मिळतं, पण ते जहाजांच्या मापाचं. बिमिनीचे सरकते जोड तिथे शोधण्यात दिवस घालवू नका, ते बोटीच्या सामानाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात.

आपल्या बोटीला तीन कमानी लागतात, ९०-९० सेंटिमीटर अंतराने. यापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर कापड मध्ये फडफडतं आणि पाणी साठतं. मधली कमान मुख्य: ती कॉकपिटच्या काठावर बिजागरीवर उभी राहते, लांबी सुमारे ४.७ मीटर. पुढची आणि मागची कमान तिच्यावर सरकत्या जोडांनी बसतात, प्रत्येकी सुमारे ४.५ मीटर. पाइप ६ मीटरच्या लांबीत येतो, त्यामुळे तीन नगांत तीन कमानी एकाही जोडाशिवाय होतात आणि उरलेल्या दीड-दीड मीटरच्या तुकड्यांतून मागचे दोन आधारदांडे निघतात. हिशेब असा बसवा की कमानीत कुठेही वेल्डिंग नको. वेल्डच्या भेगेत मीठ बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

बाकीचं सामान: डेकवरच्या बिजागऱ्या ४ (दोन मुख्य कमानीला, दोन आधारदांड्यांना), पाइपच्या टोकात बसणारे भोकाचे डोळे १०, सरकते जोड ६, पुढच्या पट्ट्यांसाठी डेकवरच्या कड्या २, झटकन काढता येणाऱ्या पिना ४. नायलॉनचे जोड घेऊ नका; आपल्या उन्हात ते ठिसूळ होतात आणि तुटतात ते नेमके वाऱ्यात. डोळ्यांना फक्त आतल्या स्क्रूवर सोडू नका, पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट किंवा स्टेनलेसचा रिव्हेट मारा. स्क्रू-बोल्ट घालताना आट्यांना लॅनोलिन किंवा तत्सम वंगण लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना चिकटतात आणि मग कापण्याशिवाय मार्ग उरत नाही.

कमानी वाकवायला रेलिंग बनवणारा चांगला फॅब्रिकेटर चालतो, मात्र त्याच्याकडे १ इंची पाइपचा नेमका डाय हवा. डाय सैल असेल तर पाइप आतून सुरकुततो. नसेलच, तर बारीक कोरडी वाळू ठासून, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारून गार अवस्थेतच वाकवायला सांगा. कोपऱ्याची त्रिज्या १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. पाइप वाकवून सोडला की काही अंश परत उलगडतो, म्हणून आधी एका तुकड्यावर चाचणी. तिन्ही कमानी एकमेकींवर ठेवून जुळल्या पाहिजेत. कोपरे जुळले नाहीत तर कापड कधीच ताणलं जात नाही.

वरची आडवी बाजू सरळ ठेवू नका. मध्यावर ५ ते ८ सेंटिमीटरचा उभार द्या, आणि मधली कमान पुढच्या-मागच्या कमानींपेक्षा २-३ सेंटिमीटर उंच ठेवा. कापड दोन्ही दिशांना वाकलेलं असलं की ढोलासारखं ताणतं, फडफडत नाही, आणि पाणी उतरून जातं.

डेकवर बसवताना

वाऱ्याचा जोर किती, याचा अंदाज असू द्या. २० नॉट (ताशी सुमारे ३७ किमी) वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६५ न्यूटन, ३० नॉटला १४५. म्हणजे मुख्य छताच्या ३.८ चौरस मीटरवर ३० नॉटचा वारा खालून सरळ लागला तर ५५ किलोच्या आसपास जोर येईल, मागचा तुकडा जोडलेला असेल तर ७५ च्या पुढे. नेहमी वारा इतका सरळ लागत नाही, पण लाटेवर बोटीचं तोंड उचललं की छत वाऱ्याला पोट दाखवतं. शिवाय डिंगीतून (लहान होडीतून) बोटीवर चढणारा माणूस हाताला येईल तो पाइप धरतो. पाहुण्यांना "तो धरू नका" असं सांगून उपयोग नसतो. सांगाडा एका माणसाचं वजन तोलेल असाच बसवा आणि चढायच्या जागी वेगळा हातदांडा द्या.

पुढे पट्टे चालतात, मागे मात्र दांडे हवेत. चारही बाजूंना पट्टे असले की प्रत्येक हेलकाव्याला सांगाडा पुढेमागे डुलतो. मागचे दोन आधारदांडे हे डुलणं थांबवतात आणि सांगाडा मागे घडी केल्यावर त्याला टेकूही देतात. पुढचे पट्टे २५ मिमी रुंद पॉलिएस्टरचे घ्या. बाजारात बॅगांसाठी मिळणारा चमकदार पट्टा पॉलिप्रोपिलीनचा असतो, तो उन्हात भुसा होतो. नायलॉनचा ओला झाला की सैल पडतो.

बिजागरीला ६ मिमीचे दोन-दोन बोल्ट आरपार, खालून ३-४ मिमी जाड स्टेनलेसची किंवा ६ मिमी फायबरग्लासची पट्टी. नुसते वॉशर पुरत नाहीत. डेकच्या आत बाल्सा लाकूड असेल तर भोक आधी १२ मिमीचं पाडायचं, भोवतालचं लाकूड थोडं कोरून काढायचं, घट्ट केलेलं एपॉक्सी भरायचं, आणि ते कडक झाल्यावर त्यात ६ मिमीचं भोक पाडायचं. हे टाळलं की दोन पावसाळ्यांत डेक बिजागरीखाली मऊ पडतो आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्या बिमिनीपेक्षा जास्त होतो. भोकाची वरची कड ड्रिलने थोडी तिरकी करा आणि ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ रबरी चिकटपट्टी) लावा. आपल्याकडच्या उन्हात ब्युटाइल मऊ होऊन बाहेर येत राहतं, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा बोल्ट थोडे थोडे आवळा. आवळताना बोल्ट फिरवू नका, खालून नट फिरवा. आंबट वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन इथे नको: ते स्टेनलेसला बाधतं, आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही.

कापड आणि शिवण

कापड रंगवलेल्या धाग्याचंच अक्रिलिक, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. बोटीसाठीचं १५२ सेंटिमीटर पन्ह्यात येतं. बाल्कनीचे ऑनिंग बनवणाऱ्यांकडे याच जातीचं कापड असतं, पण बहुधा १२० सेंटिमीटर पन्ह्याचं. चालतं, फक्त तुकड्यांची मांडणी बदलते. ट्रकची पीव्हीसी ताडपत्री पाणी पूर्ण अडवते, पण जड असते आणि खाली भट्टी होते. साधी प्लॅस्टिकची ताडपत्री हंगामसुद्धा काढत नाही. रंग मधला घ्या, राखाडी किंवा मातकट. पांढऱ्यावर लाँचींच्या डिझेलची काजळी आणि घारी-कावळ्यांची विष्ठा उठून दिसते, शिवाय त्यातून उजेड झिरपतो आणि डोळे दिपतात. गडद निळा सुंदर दिसतो आणि हात लावला तर चटका देतो.

१५२ च्या पन्ह्यातून मुख्य छताचे दोन तुकडे काढा, प्रत्येकी २.३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद, लांबी बोटीला आडवी. मधली शिवण बरोबर मधल्या कमानीवर येते. प्रत्येक तुकड्याच्या बाजूला ५० सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यातून २५ सेंटिमीटरचे दोन-दोन नेफे. तीन कमानींना तीन नेफे, चौथी पट्टी कडांना. मागच्या तुकड्याला २.१ मीटर, त्यातून उरलेल्या पट्टीची घडी केलेल्या सांगाड्यावर चढवायची खोळ. हे ६.७ मीटर झाले. ठिगळं आणि चुका धरून ९ मीटर घ्या. जाळी ४ मीटर. नेफ्यांना चेन लावा, म्हणजे सांगाडा न सोडता कापड निघतं.

चेन १० नंबरची, जाड प्लॅस्टिक दातांची, सरकपट्टी प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेसची. साध्या धातूची सरकपट्टी एका हंगामात जाम होते. बॅगांच्या बाजारातली निकेल चढवलेली टिचबटणंही तशीच, हिरवी पडतात, स्टेनलेसची मागवा. प्रत्येक चेनवर कापडाची झाकणपट्टी हवीच. खारं पाणी नाही, ऊन चेनला मारतं.

दोऱ्याला काटकसर करू नका. कापड टिकतं आणि शिवण उसवते, हे दृश्य मुंबईत नित्याचं आहे. बोटीसाठीचा अतिनील किरणांना टिकणारा जाड पॉलिएस्टर दोरा किमान हवा. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) मिळाला तर उत्तम, तो कापडापेक्षा जास्त जगतो. मात्र तो निसरडा असतो, मशीनचा ताण वेगळा लावावा लागतो आणि शेवटी गाठ धरत नाही म्हणून दोन-तीनदा मागे-पुढे टीप मारावी लागते. शिवायला सीट-कव्हर किंवा रेक्झिनचं काम करणारा, वरचा पायही चालणाऱ्या मशीनचा कारागीर शोधा. सुई १८ नंबर, टाका ४ मिमी. तुकडे जोडताना आधी दुहेरी चिकटपट्टी, मग एक टीप, मग शिवण दुमडून दुसरी टीप. दुमड मागच्या बाजूला पडू द्या, म्हणजे पाणी तिच्यात अडकत नाही. कडा गरम सोल्डरिंग आयर्नने कापा, कात्रीने कापलेलं अक्रिलिक सुटत जातं.

माप सांगाड्यावरच घ्यायचं, जमिनीवर नाही. यासाठी मुंबईत फुकट मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे जाहिरातीचा जुना फ्लेक्स. तो ताणला जात नाही. सांगाडा पट्ट्यांनी पक्का ताणून, कमानींवर दुहेरी चिकटपट्टी लावून फ्लेक्स सुरकुत्या न ठेवता चिकटवा, कमानींच्या मध्यरेषा, कोपरे आणि बॅकस्टेची जागा आखा, पुढचं-मागचं आणि डावं-उजवं लिहा. मग कापड त्यापेक्षा मीटरमागे ८ ते १० मिमी लहान कापा. अक्रिलिक महिन्याभरात थोडं सैल होतंच. बरोबर मापाचं शिवलेलं छत नाताळपर्यंत लोंबायला लागतं.

शीड बघायला खिडकी हवी असेल तर ३० बाय ४५ सेंटिमीटर, जाड पारदर्शक पीव्हीसीची, वर झाकण. उघडी ठेवली तर पिवळी पडते, आणि घडीत दाबली गेली तर उन्हात स्वतःलाच चिकटते. माझ्या मते या आकाराच्या बोटीवर तिची गरज नसते; छताच्या पुढच्या कडेपलीकडे मान काढली की शीड दिसतं.

वापरायला लागल्यावर

पहिल्या महिन्यात पट्टे दोनदा ताणावे लागतात. सांगाडा पुढे झुकलेला दिसला तर पट्टा सैल झालाय. मागे झुकला तर आधारदांड्याचा सरकता जोड घसरलाय, त्याला आरपार बोल्ट द्या. कमानीवर कापड झिजायला लागतं ते बहुधा कोपऱ्यांत, तिथे आतून विनाइलचं ठिगळ. पाइपवर तपकिरी डाग आले म्हणून घाबरू नका, ३१६ वरही येतात. गोड्या पाण्याने धुवा, सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने पुसा, पुन्हा धुवा. तारेच्या घासणीने घासू नका, तिचे लोखंडी कण रुतून खरा गंज सुरू होतो. सौर पॅनल कापडावर बांधायचा मोह टाळा, तापतो आणि शिवण ओढतो. त्याला मागे वेगळा सांगाडा द्या.

बोट मुरिंगवर सोडून घरी जाताना मागचा तुकडा आणि पडदे काढलेले असलेच पाहिजेत. मुख्य छत जानेवारीत उभं राहिलं तर हरकत नाही. मेच्या उत्तरार्धात मात्र संध्याकाळी पूर्वेकडे ढग काळे व्हायला लागले की वळवाच्या आधीचा वारा मिनिटांत येतो, म्हणून त्या दिवसांत छतही खाली. क्रम ठरलेला ठेवा: पडदे, मागचा तुकडा, पुढचे पट्टे, आधारदांड्यांच्या वरच्या पिना, सांगाडा मागे, दांड्यांवर टेकवून खोळ, दोन ठिकाणी बांधणी. दोन माणसांनी सरावाने तीन-चार मिनिटांत व्हायला हवं. जास्त लागत असेल तर अडचण बहुधा पिनांची असते, त्यांना लहान दोरीने बिजागरीला बांधून टाका म्हणजे हातातून सुटून पाण्यात जाणार नाहीत.

बोट पावसाळ्यासाठी वर चढवण्याआधी कापड पूर्ण उतरवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही. पाणी मण्यांसारखं न घरंगळता झिरपायला लागलं असेल तर पाणी अडवणारा फ्लोरोकार्बनचा फवारा मारा. पूर्ण वाळल्यावर घडी न घालता गुंडाळा, खिडकी असेल तर मध्ये जुनं सुती धोतर. सांगाडा बोटीवरच राहिला तर चालतो, पण पाइपची खालची टोकं बंद असतील तर तिथे ४ मिमीचं एक भोक पाडा. आत शिरलेलं पावसाचं पाणी चार महिने साठून राहिलं तर पाइप आतून जातो आणि ते बाहेरून कळत नाही. सप्टेंबरअखेरीस पहिलं काम बिजागऱ्यांचे बोल्ट: डेकखाली हात घालून पट्टीभोवती ओल लागते का बघा, लागली तर त्याच आठवड्यात काढून पुन्हा ब्युटाइल लावा.